नवव्या ठिपक्याचं काय?

१८ मार्च

चिंगे,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. गुडघा सोडला तर. फोनच करणार होते, पण फोनवर तू "हो आत्या, हो आत्या" म्हणत भलतंच काहीतरी करत असतेस, ते मला इथे ऐकू येतं. पत्रात निदान कुणाला मधे तोंड घालता येत नाही. शिवाय रेंज मिळवायला पुलावर जाऊन उभं राहावं लागतं, आणि पुलावर उभं राहून भांडलं की अख्ख्या खोऱ्याला कळतं.

तर भांडण असं. परवा जलसंधारण खात्याची तीन माणसं आली आणि वरच्या उतारावर झाडांना चुन्याच्या खुणा करत सुटली. मी विचारलं, काय चाललंय? एकाने काखेतला नकाशा उलगडून दाखवला. आपल्या नदीचं सगळं खोरं रंगवलेलं. कुठे हिरवं, कुठे पिवळं, आणि आमचा वरचा उतार लालभडक! म्हणे उपग्रहातून पाहणी झाली, हा उतार ओसाड आहे, मोठा पाऊस झाला की सगळी माती खाली येणार. म्हणून पावसाच्या आत बुलडोझर चढवायचा, उताराला पायऱ्या पाडायच्या आणि लवकर वाढणारी झाडं ओळीत लावायची. मी म्हटलं, आणि आता आहेत ती झाडं? तर म्हणाला, "आजी, ती झाडं नकाशात नाहीत."

आजी म्हणाला त्याचा राग नाही. पण त्यातल्याच एका झाडाला टेकून तो मला हे सांगत होता!

त्या उतारावर तीन झरे आहेत. आम्ही चाळीस घरं त्यांचंच पाणी पितो. बुलडोझर चढला की झरे बुजलेच म्हणून समज. एकतीस वर्षं पुलाखालची पट्टी वाचून मी नदीची पातळी खात्याला कळवली, पाणी कुठून येतं हे मला कुणी शिकवू नये. तू त्या आकाशातून बघणाऱ्या ऑफिसात आहेस ना? हा नकाशा कुणा दिवट्याने केला ते शोधून काढ आणि मला कळव. पुढचं मी बघते.

तुझी आत्या

२६ मार्च

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी ऑफिसात उघडलं, ही चूकच झाली. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारत होती, आधी एवढी हसलीस काय आणि मग एवढी गप्प झालीस काय.

अगं, नकाशा असा हवेतून पडत नाही. उपग्रहाच्या फोटोत जमिनीचे चौकोन पडलेले असतात. कुठला चौकोन किती हिरवा आहे ते त्यातून मोजता येतं. त्यावर उतार किती, माती कसली, पाऊस किती, वस्ती किती हे सगळं मांडायचं आणि प्रत्येक चौकोनाला गुण द्यायचे. वाईट गुण मिळाले की तो लाल. लाल म्हणजे इथली जमीन नाजूक आहे, हिला आधी सांभाळा. हेतू चांगलाच असतो. ज्याने केलं त्याने नियमाप्रमाणेच केलं असणार, आणि बरीच मेहनतही घेतली असणार.

त्या उतारावर तुझा जीव आहे हे मला माहीत आहे. पण आपण रोज बघतो ना, म्हणून कधीकधी आपल्याला बदल कळत नाही. वरून कळतो. मी चौकशी करते. गुडघ्याला शेक घे, आणि पुलावर जाऊन कुणाशी भांडू नकोस.

तुझी चिंगी

३ एप्रिल

चिंगे,

"ज्याने केलं त्याने बरीच मेहनतही घेतली असणार." अगं, एवढी कळकळ तू शेवटची दाखवलीस ती सात वर्षांची असताना, साखरेची बरणी फुटली तेव्हा. "आत्या, ज्याने फोडली त्याने मुद्दाम नाही गं फोडली." काखेत कळसा आणि गावाला वळसा! तूच ना ती दिवटी?

चूक सगळ्यांकडून होते, त्याबद्दल मी बोलत नाही. मला एकच सांग. फोटो कधीचा? मी कामाला लागले त्या दिवशी आमच्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, आकड्याच्या आधी तारीख लिही. तारखेशिवाय आकडा म्हणजे नुसती थाप. तुझ्या पत्रात उतार आला, माती आली, गुण आले, तारीख काही आली नाही.

आपला उतार जानेवारीच्या अखेरीस पानं टाकायला लागतो. मार्चमध्ये झाडावर औषधाला पान सापडणार नाही. मेमध्ये पालवी फुटते आणि पुढे आठ महिने खालची जमीन दिसत नाही. न्हाव्याच्या खुर्चीतून नुकत्याच उठलेल्या माणसाचा फोटो काढायचा आणि म्हणायचं, याला केसच येत नाहीत! तसं काही केलं नाहीस ना?

उत्तर लवकर पाठव. उतारावर आता झेंडे रोवलेत.

आत्या

१० एप्रिल

आत्या,

मीच ती. पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. धीर झाला नाही.

आणि हो, तसंच केलं. ढग असले की फोटोत खालचं काही दिसत नाही, म्हणून गेल्या वर्षीचे सगळे फोटो चाळून मी स्वच्छ आकाशाचे तीन निवडले. इतके सुंदर होते गं, एक ढग नाही! तुझं पत्र वाचून तारखा पाहिल्या. ८ फेब्रुवारी, २४ फेब्रुवारी, १२ मार्च. आकाश नेमकं तुझी झाडं बोडकी असतात तेव्हाच स्वच्छ असतं, आणि चार वर्षं हे काम करून ते माझ्या डोक्यात आलं नाही. काल नोव्हेंबरचा एक ढगाळ फोटो काढून बसले. ढगांच्या फटीतून उतार दिसतो. हिरवागार आहे.

तो घेऊन मी आमच्या मॅडमकडे गेले. त्या ओरडल्या नाहीत, त्यापेक्षा वाईट केलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "फटीतून दिसलेलं मी समितीपुढे नेणार नाही. जमिनीवरून बघून आणा." ही पडताळणी खरं तर आधीच व्हायची असते. घाईत मी ती इथे खुर्चीत बसून उरकली होती.

नकाशा मंजूर करणारी समिती १५ मेला बसते. त्यानंतर बुलडोझर निघतील. आणि इथे पाठवायला माणूस नाही. मग मी घाबरत घाबरत तुझं नाव सांगितलं. मॅडमनी तुझ्या पट्टीच्या जुन्या वह्या मागवल्या, अर्धा तास चाळल्या आणि म्हणाल्या, "एकतीस वर्षांत एक खाडाखोड नाही. या बाई चालतील."

सोबत तुमच्या शिवारातल्या बारा ठिकाणांची यादी आणि ती शोधून देणारं छोटं यंत्र पाठवते आहे. नियम नीट वाच. नकाशावरचे हे ठिपके संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेत. एकही सोडायचा नाही, सोयीसाठी दहा पावलंसुद्धा इकडे तिकडे सरकवायचा नाही. प्रत्येक ठिकाणी झाडं, माती आणि पाणी कसं आहे ते फॉर्मवर लिहायचं. आणि बारातला एक जरी खोटा निघाला, तरी बाराच्या बारा रद्द. मग लाल ते लालच.

तुझ्या गुडघ्याचा विचार करून हे लिहिताना मला लाज वाटते. पण दुसरं कुणी नाही.

चिंगी

२१ एप्रिल

चिंगे,

लाज वाटते म्हणालीस तेवढं पुरे झालं. आता कामाचं.

पाच दिवसांत बारा ठिपके झाले. मधवाला सोबत होता. उतारावर त्याच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत, म्हणून त्यालाही बुलडोझरची धास्ती. आपण त्याच्या जिवावर चढतो आहोत हे मी त्याला कळू दिलं नाही, उलट दर वळणावर "दमलास का रे?" म्हणून विचारत होते.

तुझ्या संगणकाला अक्कल नाही. चौथा ठिपका करवंदीच्या जाळीच्या बरोबर मध्यात! दहा पावलं सरकवायचा नाही म्हणालीस, म्हणून आत शिरले. बाहेर आले तेव्हा मधवाला म्हणाला, तुमची साडी आधी शिवायची की तुम्हाला आधी शिवायचं. पण आत माती बघितलीस तर खूश होशील. वीतभर कुजलेली पानं, खाली काळी, ओली माती. एप्रिलमध्ये ओली! फॉर्मवर लिहिलंय. सातवा ठिपका मधल्या झऱ्याच्या वर पन्नास पावलांवर. तिथे मी मातीत हात कोपरापर्यंत घातला तरी खडक लागला नाही. एका झाडाचा घेर आम्हा दोघांच्या कवेत मावला नाही, आणि मधवाला काही बारीक नाही. अकराव्या ठिकाणी थोडी धूप आहे, गुरांच्या वाटेमुळे. तेही प्रामाणिकपणे लिहिलंय.

दुरून डोंगर साजरे म्हणतात, तू दुरून तो ओसाड करून ठेवलास! पण झालं ते झालं. पालवी फुटायला लागली आहे. फॉर्म सोबत आहेत. मॅडमना म्हणावं, खाडाखोड यातही नाही.

तुझी आत्या

२७ एप्रिल

प्रिय आत्या,

फॉर्म मिळाले. ऑफिसात हातोहात फिरले. चौथ्या ठिपक्याच्या शेऱ्यात तू जाळीला दिलेली शिवीसुद्धा मॅडमनी वाचली. तुझ्या अकरा ठिपक्यांनी माझा नकाशा पार झोपवला आहे, आणि मला इतका आनंद झालाय की काय सांगू.

अकरा म्हणाले. नवव्या ठिपक्याचं काय?

चौथ्यावर दीड पान आहे. सातव्यावर मागची बाजूही भरली आहेस. नवव्यावर एकच शब्द, "ठीक." आत्या, तू आयुष्यात कशाला एका शब्दात ठीक म्हणाली आहेस? माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा पाहिलंस तेव्हा ठीक म्हणायला तुला अडीच पानं लागली होती.

नववा ठिपका मी पुन्हा नकाशावर बघितला. वरच्या उतारावरचा नाही तो, खालचा आहे. तुझ्या घरामागे ओढ्याच्या काठावर, आठ पावलांवर. सगळ्या फोटोंत गडद हिरवा दिसतो, अगदी मार्चच्याही. मॅडमनी अजून काही विचारलेलं नाही, पण त्या विचारतील. त्याआधी मी विचारते. तिथे काय आहे?

चिंगी

३ मे

चिंगे,

तुझं पत्र येऊन तीन दिवस झाले. तीन वेळा लिहायला बसले आणि तीन वेळा भांडी घासायला उठले. घासलेलीच घासली.

"ठीक" खोटं आहे.

ओढ्याच्या काठावर ते काटेरी झुडूप माजलंय ना, बारा महिने हिरवं, तेच तुझ्या उपग्रहाला दिसतं. वरून बघितलं तर काय दाट, काय छान! खालून काठ पोखरलाय. मी वाकून बांबू आत घातला तर साडेचार हात गेला आणि तळाला लागला नाही. झुडपाची मुळं नुसती वरच्यावर आहेत, माती धरून ठेवत नाहीत. आणि हे मला परवा कळलं असंही नाही. गेल्या पावसापासून माहीत आहे. मागच्या भिंतीला चीर गेली तेव्हा मी तिच्यापुढे फडताळ सरकवून ठेवलं.

तो ठिपका खरा भरला की घर लाल होणार. लाल झालं की रिकामं करा म्हणून कागद येणार. मागची भिंत तुझ्या बाबाने बांधली होती, उन्हाळ्याच्या सुट्टीत, कामाचा गंध नसताना. ती पहिल्या दिवसापासून वाकडी आहे. तो गेल्यापासून मी त्या भिंतीशी बोलते, आता हस नाहीतर काय कर. मला वाटलं, बारातला एक ठिपका, एवढासा. उतार वाचतोय तर घरही वाचू दे. कुणाला कळणार आहे?

मी, जिने एकतीस वर्षांत पुलाखाली न उतरता एकही आकडा लिहिला नाही! पुराच्या दिवशी कंबरेला दोर बांधून उतरले होते. आणि आता घराच्या दारात, आठ पावलांवर, खोटं लिहिलं. तुला तारखेवरून एवढं सुनावलं आणि स्वतः मात्र असं वागले. तुझं पत्र आलं तेव्हा आधी तुझाच राग आला. मग माझा आला, तो अजून गेला नाही.

नवव्या ठिपक्याचा नवा फॉर्म सोबत आहे. दोन्ही बाजू भरल्यात. बांबूचं माप घातलंय, भिंतीची चीर घातली आहे, फडताळ सरकवल्याचंही लिहिलंय. जुना फॉर्म फाडू नकोस, मॅडमना दोन्ही दाखव. त्यांनी बारा रद्द केले तर तो दोष माझा. चाळीस घरांना मी स्वतः जाऊन सांगेन.

आत्या

१९ मे

आत्या,

रद्द झाले नाहीत! आधी हे वाच, मग बाकीचं.

दोन्ही फॉर्म मॅडमपुढे ठेवताना माझी पाचावर धारण बसली होती. त्यांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचले. फडताळाच्या ओळीपाशी थांबल्या. म्हणाल्या, "तपासणीच्या आत स्वतःहून दुरुस्त केलं, नियमात बसतं." मग म्हणाल्या, "स्वतःच्या घराविरुद्ध लिहिलेला फॉर्म मी नोकरीत पहिल्यांदाच बघते आहे." समितीत कुणीतरी शंका काढली की बाई उताराच्याच गावच्या, उतार चांगला म्हणणारच. तेव्हा मॅडमनी नववा फॉर्म त्याच्यापुढे सरकवला. तो वाचून त्याने शंका मागे घेतली.

वरचा उतार हिरवा झाला. बुलडोझर येणार नाहीत, झेंडे काढायचा हुकूम निघाला आहे. आता सगळ्या खोऱ्यातली सदाहरित झुडपं पुन्हा तपासायची आहेत, कारण ज्या हिरव्याला आम्ही भरवशाचं समजत होतो ते तसं नाही. ते काम मलाच दिलंय. शिक्षा म्हणून की शाबासकी म्हणून, मॅडमनी सांगितलं नाही.

आणि ओढ्याचा काठ लाल झाला, तुझ्या घरासकट. तो रंग मी माझ्या हाताने भरला. मला रडू आलं. बाबाची भिंत मलाही आठवते गं. पण आता पावसाच्या आत तिथून नीघ. माझ्याकडे ये. ये म्हणते म्हणजे येच.

चिंगी

२४ जुलै

आत्या,

जूनमध्ये "बघते" एवढंच लिहिलंस आणि नंतर काही नाही. खोऱ्यात चार दिवस पाऊस कोसळतोय, रस्ता बंद आहे, फोन लागत नाही. काल ढगांतून जेमतेम एक फोटो मिळाला. ओढ्याच्या काठावर जिथे झुडूप होतं तिथे तपकिरी पट्टा आहे. तुझं छप्पर मला त्यात सापडत नाही.

तू कुठे आहेस? हे ज्याच्या हाती पडेल त्याने कृपा करून एक ओळ तरी लिहावी.

चिंगी

२ ऑगस्ट

चिंगे,

तुझं पत्र काल आलं, रस्ता मोकळा झाला तेव्हा. अगं, मी त्या पत्राच्या डोक्यावरच राहते! जूनच्या पहिल्या आठवड्यात पोस्टाच्या वरच्या दोन खोल्या घेतल्या. तुला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तू मला तुझ्याकडेच ओढून नेलं असतंस, आणि तुझ्या चौथ्या मजल्यावर माझा गुडघा चढत नाही. "बघते" लिहून तुला घोर लावला, त्याबद्दल कान पकडते.

काठ एकवीस तारखेला दुपारी गेला. मी इथे खिडकीत भाजी निवडत होते. जड पोतं फरशीवरून ओढल्यासारखा आवाज आला, बराच वेळ. आम्ही सगळे धावलो. स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि मागची भिंत ओढ्यात. पुढच्या दोन खोल्या उभ्या आहेत, पण आत जायचं नाही. मी तिथेच चिखलात बसून रडले. मधवाल्याची बायको पाठीवरून हात फिरवत होती, तीही रडत होती. दुपारच्या त्या वेळी मी नेहमी न्हाणीघराजवळ भांडी घासत असायचे, हे तिला माहीत होतं.

वरचा उतार जागचा हलला नाही. एवढ्या पावसात तिन्ही झरे गढूळसुद्धा झाले नाहीत. चाळीस घरांत त्याच पाण्याच्या घागरी आहेत. ओढ्याच्या काठाला आता खात्याची माणसं आणि आम्ही मिळून हाताने दगड रचतोय आणि खोल मुळांचं गवत लावतोय. मी उभी राहून चुका काढते, त्याचीही गरज असते.

परवा तोच आला, मला आजी म्हणणारा. या वेळी "बाई" म्हणाला. पडताळणी करणारी म्हणून नव्या नकाशावर माझी सही हवी होती. पोस्टाच्या टेबलावर त्याने नकाशा पसरला, चार कोपऱ्यांवर चार शिक्के ठेवले. मी सहीच्या आधी तारीख लिहिली. मग चष्मा लावून, बोट ठेवत ठेवत, उगमापासून खालपर्यंत सगळं खोरं तपासलं. त्याला अर्धा तास उभं ठेवलं. एक चूक सापडली नाही गं. उतार हिरवा आहे, आणि माझं घर लाल आहे.

तुझी आत्या